सिंहस्थाचा नियंत्रण कक्ष कोणाकडे? दहशतवादविरोधी अधिकारी की आपत्ती व्यवस्थापक

२७ ऑगस्ट २००३. नाशिकच्या सिंहस्थ कुंभमेळ्यात चेंगराचेंगरी झाली आणि ३९ भाविक गेले. बॉम्ब नव्हता, गोळीबार नव्हता. होती ती अरुंद वाट आणि मागून रेटणारी गर्दी. म्हणून येत्या सिंहस्थाचे तज्ज्ञ निवडताना त्यांची जडणघडण कुठे झाली, हे आधी पाहावं.

दहशतवादविरोधी अधिकारी बहुधा एटीएस (दहशतवादविरोधी पथक), फोर्स वन (राज्य पोलिसांचं कमांडो पथक), एनएसजी (केंद्राचं कमांडो दल) किंवा गुप्तवार्ता विभागातून घडलेला असतो. त्याची नजर गर्दीतल्या एका माणसावर, एका बेवारस पिशवीवर असते. मालेगावने २००६ आणि २००८ मध्ये स्फोट सोसले आहेत. आपल्या जिल्ह्याला ही नजर हवीच. पण माहिती मोजक्यांतच ठेवायची त्याची सवय स्नानाच्या घाटावर घातक ठरू शकते.

आपत्ती व्यवस्थापक येतो अग्निशमन, एनडीआरएफ (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल), महसूल किंवा आरोग्य खात्यातून. तो अख्ख्या गर्दीचा विचार करतो. परतीची वाट वेगळी आहे का? गंगापूर धरणाचा विसर्ग वाढला तर गोदावरीवरचं स्नानाचं रामकुंड कधी रिकामं करायचं? रुग्णवाहिका पंचवटीतून बाहेर कशी पडणार? आणि हे सगळं तो भोंग्यावरून लोकांना सांगतो. त्याची उणीव एकच, पण मोठी: स्फोटानंतर मदतीला धावताना दुसरा बॉम्ब असू शकतो, हे त्याच्या अंगवळणी पडलेलं नसतं.

माझं मत स्पष्ट आहे. पर्वणीच्या, म्हणजे मुख्य स्नानाच्या दिवशी कक्षाची सूत्रं आपत्ती व्यवस्थापकाकडे द्यावीत, आणि बचावपथकांना थांबवण्याचा अधिकार शेजारी बसलेल्या दहशतवादविरोधी अधिकाऱ्याकडे लेखी असावा.