केमो चालू असताना व्यायाम: फिजिओकडे, योगवर्गात, जिममध्ये की घरीच?

घरातले म्हणतात "पडून राहा", डॉक्टर म्हणतात "चालत राहा". दोघांचंही ऐकायचं तर रुग्ण कॉरिडॉरमध्ये चार फेऱ्या मारतो आणि व्यायाम झाला असं समजतो. तेवढ्यानं भागत नाही. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनुसार आठवड्यातून तीनदा 30 मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोनदा ताकदीचा व्यायाम हवा. ताकदीच्या प्रत्येक प्रकाराचे किमान दोन सेट, एका सेटमध्ये 8 ते 15 वेळा. थकव्यात फरक जाणवायला 8 ते 12 आठवडे लागतात. मध्यम म्हणजे बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, इतपत दम लागणं.

हे कुठे जमवायचं, ते उपचार कोणत्या टप्प्यावर आहेत यावर ठरतं.

शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, हाताला सूज असेल किंवा आजार हाडांत पोचला असेल, तर फिजिओथेरपिस्टला पर्याय नाही. स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर ड्रेनची (जखमेत साठणारं पाणी बाहेर काढणारी) नळी असेपर्यंत हात साधारण खांद्याच्या उंचीपर्यंतच न्यायचा असतो, आणि नळी निघाली की तोच हात पूर्ण वर जायला हवा. कारण रेडिएशनच्या वेळी हात डोक्यावर घेऊन निश्चल पडावं लागतं. खांदा आखडलेला असेल तर मापं घेण्याचं काम तिथेच अडतं. पहिल्या भेटीत चांगला फिजिओ 30 सेकंदांत खुर्चीतून किती वेळा उठता येतं ते मोजतो, सहा मिनिटं चालवून पाहतो आणि ताजा सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) व स्कॅनचे रिपोर्ट मागतो. रिपोर्ट न बघताच शेक किंवा अल्ट्रासाउंडचं मशीन लावायला निघाला, तर थांबवा. गाठीच्या जागेवर ही मशीनं वापरत नाहीत. गल्लीतले बरेच फिजिओ गुडघे-कंबरवाले असतात, त्यामुळे "लिम्फेडेमाचे (म्हणजे या हातावरच्या सुजेचे) पेशंट बघता का?" हे फोनवरच विचारलेलं बरं.

स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या लसिका गाठी (लिम्फ नोड) काढल्यावर जन्मभर बादली उचलायची नाही, हा सल्ला अजूनही ऐकू येतो. 2009 साली हातावर सूज असलेल्या 141 स्त्रियांवरच्या एका चाचणीचा निकाल आला. देखरेखीखाली हळूहळू वजन वाढवणाऱ्यांची सूज वाढली नाही, उलट ती बळावण्याचे प्रसंग कमी झाले. यातला "हळूहळू" हा शब्द लोक विसरतात.

घरचा व्यायाम सगळ्यात स्वस्त, पण तो चालण्यापाशीच अडकतो. केमोबरोबर मिळणारी स्टेरॉइड बरेच दिवस चालली तर मांड्यांचे स्नायू विरघळल्यासारखे होतात. मैदानावर दोन किलोमीटर चालणाऱ्यालाही मग भारतीय पद्धतीच्या संडासातून उठताना नळाला धरावं लागतं. उपाय साधा आहे. घट्ट खुर्ची भिंतीला टेकवा, हात छातीवर बांधा, 8 ते 10 वेळा उठा-बसा, दोन मिनिटं थांबा आणि पुन्हा करा. दंडासाठी भरलेली अर्धा लिटरची बाटली, म्हणजे अर्धा किलो. तळपाय बधिर झाले असतील तर मागे पट्टा असलेली चप्पल किंवा बूट घाला, आणि रात्री तळवे बघा. उन्हात तापलेल्या गच्चीवर अनवाणी चालून फोड येतो आणि कळतही नाही. दर केमोनंतर दोन-तीन दिवस सगळं निम्म्यावर आणा. आधीच्याच जोमानं सुरुवात करणारे तिसऱ्या केमोपर्यंत व्यायाम सोडून देतात.

एकट्यानं केलेला व्यायाम टिकत नाही, हीच त्याची खरी खोट. आतड्याच्या कर्करोगाच्या 889 रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल 2025 मध्ये आला. केमो संपल्यावर निम्म्यांना आरोग्याची माहितीपत्रकं दिली, निम्म्यांना तीन वर्षं मार्गदर्शक दिला. आठ वर्षांनी मार्गदर्शकवाल्यांपैकी 90.3 टक्के हयात होते, माहितीपत्रकवाल्यांपैकी 83.2 टक्के. स्नायू-सांध्यांच्या तक्रारी मात्र पहिल्या गटात जास्त होत्या. म्हणून पुतण्या असो की शेजारीण, दर रविवारी "किती झालं?" विचारणारं कुणीतरी नेमून ठेवा.

योगवर्ग झोप, धास्ती आणि थकव्यासाठी चांगला. टाटा मेमोरियलनं स्तनाच्या कर्करोगाच्या 850 रुग्णांवर योगाची चाचणी घेतली. त्यात सौम्य आसनं, मध्ये विश्रांती आणि प्राणायाम असा क्रम होता. कॉलनीतल्या हॉलमधले बारा सूर्यनमस्कार म्हणजे ते नव्हे. मणक्यात आजार असेल तर पुढे वाकणं, पिळणं आणि हलासन-सर्वांगासन बंद. पोटाची शस्त्रक्रिया किंवा स्टोमा (शौचासाठी पोटावर केलेलं तोंड) असेल तर कपालभाती नको. आणि ताकदीचा हिशोब योगवर्गानं पूर्ण होतो असं आम्हाला वाटत नाही. खुर्चीचे सेट घरी चालूच ठेवावे लागतात.

जिम उपचार संपल्यावरच. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवशी पांढऱ्या पेशी तळाला असतात, आणि घामेजलेली बाकं व दारांच्या कड्या त्या दिवसांत परवडत नाहीत. पुढे मात्र मशीनचा फायदा आहे, तोल सांभाळावा लागत नाही. ट्रेनर पहिल्याच दिवशी प्रोटीन पावडर दाखवू लागला तर ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

केमो चालू असणाऱ्याला आम्ही सांगू: फिजिओच्या दोन-तीन भेटी, मग घरी, आणि महिन्यातून एकदा पुन्हा फिजिओ. 100.4 फॅरनहाइट ताप, हिमोग्लोबिन 8 च्या खाली किंवा छातीत दुखणं, अशा दिवशी व्यायाम नाही. प्लेटलेट 50,000 च्या खाली असतील तर वजनं नाहीत. 20,000 च्या खाली डॉक्टरांनी सांगितलं तरच हालचाल. एकाच पायाला अचानक सूज आली तर चोळत बसू नका, रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी दाखवा.