‘ताई, प्लगिन्स साफ करून देतो’ म्हणणाऱ्यांपासून जरा जपून

माझे वर्डप्रेसवर (वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअर) चार ब्लॉग आहेत, रेसिपींचा, गडकिल्ल्यांचा, लेकीच्या चित्रांचा आणि एक बाबांच्या जुन्या लेखांचा, आणि सगळे एकाच होस्टिंग अकाउंटवर, म्हणजे साईट ठेवायला भाड्याने घेतलेल्या एकाच जागेत. दिसेल ते प्लगिन, म्हणजे साईटला नवी सोय जोडणारा छोटा प्रोग्राम, टाकत गेल्यामुळे नुसता पसारा झालेला, एसइओची (गुगलमध्ये वर दिसण्यासाठीची) दोन, शेअर बटणांची तीन, काही तर कशासाठी टाकली तेही आठवत नाही. एका ग्रुपवर विचारलं की कुठली ठेवू आणि कुठली काढू, तर लगेच एकाचा इनबॉक्समध्ये मेसेज, ताई साडेतीन हजारात सगळं साफ करून देतो, वर प्रो, म्हणजे एरवी विकत घ्यावी लागणारी, प्लगिन्स फुकट. बाबांचा ब्लॉग सोडून तिन्हींचं लॉगिन त्याला दिलं.

बोलायला एकदम गोड माणूस, आणि त्याचं प्रत्येक वाक्य अर्धं खरं असायचं. सिक्युरिटी प्लगिनने साईट स्लो होते म्हणाला, होते थोडी. बॅकअपचं प्लगिन कशाला, होस्टिंगवाले घेतातच की, घेतात, पण माझ्या प्लॅनमध्ये फक्त मागच्या सात दिवसांचा. प्रो प्लगिन्स जीपीएल या मुक्त लायसन्सची आहेत म्हणजे वाटली तरी कायदेशीर, आता हेही बऱ्याच प्लगिन्सच्या बाबतीत बरोबर आहे, वर्डप्रेस स्वतःच जीपीएलखाली आहे. पण लायसन्स फक्त कोड वाटायची मुभा देतं, ती झिप तुमच्यापर्यंत येईस्तोवर मधे कुणी त्यात काय कोंबलंय त्याच्याशी लायसन्सचा काय संबंध! लायसन्सची चेकिंग उडवलेल्या अशा कॉप्यांना नल्ड म्हणतात, कंपनीकडून त्यांना अपडेट येत नाहीत, म्हणजे उद्या सुरक्षेतलं भोक सापडलं तरी ते तसंच उघडं.

काम झाल्यावर डॅशबोर्ड चकाचक, साईट पळायला लागली, मी खूश, यूपीआयने पैसे देऊन मोकळी.

मग रेसिपीच्या ब्लॉगवर नेहमी येणाऱ्या एक काकू म्हणाल्या, अगं गुगलवरून तुझी पुरणपोळी उघडली की रमी का काय ते येतंय. मी लॅपटॉपवर बघितलं तर सगळं जागच्या जागी. मेख इथेच आहे, अशा प्लगिन्समध्ये कोंबलेला कोड लॉगिन असलेल्याला काहीच दाखवत नाही, गुगलवरून मोबाइलवर येणाऱ्यालाच भलतीकडे फेकतो, त्यामुळे मालकालाच सगळ्यात शेवटी कळतं. लॉगआउट करून मोबाइल डेटावर, गुगलमध्ये शोधून उघडलं तेव्हा कुठे मलाही रमी दिसली.

भाच्याला बसवलं. युजर्सच्या पानावर वरती ‘ॲडमिनिस्ट्रेटर (२)’ लिहिलेलं आणि खाली ओळ एकच, माझी. दुसरा ॲडमिन कोडने यादीतून लपवलेला, पण आकडा लपवायचा राहिला. फाइल मॅनेजरमध्ये एमयू-प्लगिन्स नावाचं फोल्डर निघालं, त्यातलं प्लगिन आपोआप चालतं आणि डॅशबोर्डवरून बंद करायची सोयच नसते. आणि ज्या ब्लॉगचं लॉगिन दिलंच नव्हतं त्या बाबांच्या ब्लॉगमध्येही तीच घाण, कारण अकाउंट एकच. डब्ल्यूपी-व्हीसीडी नावाचा मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) २०१७ पासून असाच नल्ड थीम-प्लगिन्समधून पसरत आलाय, एका साईटवरून शेजारच्या साईटवर उडी मारत.

त्याला फोन केला तर म्हणतो ताई, तुमचं होस्टिंगच खराब आहे, अजून दोन हजार द्या, मालवेअर काढून देतो!! आवाज चढवल्यावर ब्लॉक. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केलीय, पैशांची आशा नाही.

आता पसारा आवरायचाच असेल तर स्वतः आवरा, रॉकेट सायन्स नाहीये. आधी पूर्ण बॅकअप काढून स्वतःच्या कॉम्प्युटरवर ठेवा. मग एकेक प्लगिन बंद करून बघा, काही बिघडलं नाही तर डिलीट करा, नुसतं बंद ठेवू नका, फाइल सर्व्हरवरच राहते आणि त्यातलं भोकही. नवीन घेताना वर्डप्रेसच्या अधिकृत डिरेक्टरीतूनच घ्या आणि शेवटचा अपडेट कधीचा ते बघा. तिथलंही डोळे झाकून नको, डिस्प्ले विजेट्स नावाचं साधं प्लगिन दोन लाखांच्या आसपास साईट्सवर होतं, मूळ माणसाने विकलं, नव्या मालकाने त्यात बॅकडोर, म्हणजे गुपचूप आत शिरायचा चोरदरवाजा, घातला आणि २०१७ मध्ये ते डिरेक्टरीतून काढून टाकावं लागलं. म्हणून मालक बदलल्याची बातमी कानावर आली की मी तरी ते प्लगिन काढते.

आणि कुणाला लॉगिन देऊन झालंच असेल तर ॲडमिनचा आकडा आणि ओळी आजच जुळवून बघा, होस्टिंग आणि डेटाबेसचे पासवर्ड बदला, डब्ल्यूपी-कॉन्फिग या सेटिंगच्या फाइलमधल्या सॉल्ट कीज (लॉगिन जपणारे गुप्त कोड) पण बदला म्हणजे जो कोणी आत बसलाय तो लॉगआउट होतो. माझे ब्लॉग सुरू झालेत, पण गुगलमध्ये त्यांच्या नावावर जपानी अक्षरांतली शेकडो पानं अजून दिसतात, ती सर्च कन्सोलमधून, म्हणजे साईटमालकांसाठीच्या गुगलच्या टूलमधून, काढणं चालू आहे. तिथे गेलात की ओनर्सची यादीही उघडा, माझ्याकडे एक अनोळखी जीमेल ओनर होऊन बसला होता.