बाहेरच्या भिंतींना मॅट की सॅटिन?

रंगाची छटा ठरते, पण गाडी अडते ती मॅट (बिनचमकीचा) की सॅटिन (मंद चमक असलेला) या प्रश्नावर. डब्यावरचे दावे बाजूला ठेवून भिंतीकडेच बघा.

जुन्या प्लास्टरवर लांबी (पुट्टी) भरलेल्या भेगा आणि थापीचे उंचवटे असतातच. तिरपं ऊन पडलं की सॅटिनमध्ये ते सगळे उठून दिसतात; मॅट मात्र ते पोटात घालतो. रात्री भिंतीला लागून टॉर्च धरा, आपली भिंत कितपत सपाट आहे ते लगेच कळेल. माझ्या मते निम्मा निर्णय इथेच होतो.

धूळ-पाण्याला सॅटिन सरस. त्यात बाइंडर (रंग धरून ठेवणारा चिकट घटक) जास्त, त्यामुळे थर घट्ट बसतो, डाग ओल्या फडक्याने निघतो. मॅट धूळ धरून ठेवतो आणि जोरात घासला तर तेवढाच भाग चकाकतो. डागडुजीत उलट: मॅटमध्ये ठिगळ मिसळून जातं, सॅटिनमध्ये बहुतेकदा अख्खी भिंत पुन्हा रंगवावी लागते.

भिंतीत ओल असेल तर दोन्ही फुगतील. आधी गळती थांबवा, भिंत पूर्ण वाळू द्या.

मोठ्या, ओबडधोबड भिंतींना मॅट घ्या. सारखा हात लागणारे खांब, कठड्याच्या भिंती, चिखल उडणारा खालचा पट्टा यांना सॅटिन. एकाच घराला दोन्ही वापरायला काहीच हरकत नाही.