बडोद्यात जुन्या कॅसेट डिजिटल करायच्या असतील तर: रावपुऱ्यातलं टेप-रेडिओ दुरुस्तीचं दुकान

रावपुरा टॉवरपासून चालत पाच मिनिटांवर, भांड्यांच्या दुकानाला लागून एक अरुंद जिना आहे. वर चढलात की समोर मोडके टेपरेकॉर्डर रचलेले दिसतील. पाटीवरची अक्षरं उडाली आहेत. तेच हे दुकान. काका सत्तरीपुढचे आहेत, कॉम्प्युटरचं काम त्यांची मुलगी बघते.

माझ्या ३१ कॅसेट होत्या, सगळ्या साठ मिनिटांच्या. नव्वदची टेप पातळ असते, गुंतते, म्हणून मी ती कधी वापरलीच नाही. १९९३ ते १९९८ या काळात बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोद तालुक्यात निहाली भाषेवर मी काम केलं, ते सगळं यात आहे. बडोद्याहून सुरतमार्गे भुसावळ, तिथून नांदुरा, मग एसटी. प्रकल्पाचे पैसे तीन वर्षांत संपले. भाषाशास्त्राची जागा कुठे निघेना, तेव्हा कॉलेजात इंग्रजी शिकवलं आणि दिवाळीच्या, मेच्या सुट्ट्या जामोदला काढल्या. निहाली बोलणारे दोन-अडीच हजारांच्या घरात. १९७१पासून जनगणनेत दहा हजारांखालच्या भाषांची नावं वेगळी छापत नाहीत, त्यामुळे त्या यादीत तुम्हाला ती सापडायची नाही. दोन, तीन, चार म्हणजे इरार, मोथो, नालो. हे आकडे द्राविडी वळणाचे, ढीगभर शब्द शेजारच्या कोरकू या आदिवासी भाषेचे, मराठी-हिंदीचे. आणि ते सगळे बाजूला काढले की जे उरतं त्याचं नातं कुठल्याच भाषाकुळाशी सिद्ध झालेलं नाही. ज्या आजींनी मला रात्र-रात्र गोष्टी सांगितल्या, त्या आता नाहीत.

याआधी मी सहा कॅसेट दुसऱ्या एका स्टुडिओत दिल्या होत्या. त्यांनी आवाज 'स्वच्छ' करून दिला. ऐकायला गुळगुळीत, माझ्या कामाला शून्य. टेपची खरखर काढताना स, श यांची घर्षणाची हवा गेली, क आणि ख यांतला फरक ज्या श्वासाच्या झोतावर असतो तो पुसट झाला. बोलण्यातले थांबे पार मुके झाले. एका गोष्टीच्या वेळी चुलीपाशी बसलेली सून मागून एक शब्द कोरकूत म्हणते आणि आजी गोष्ट थांबवून तिला निहाली शब्द सांगतात. भाषा घरातून कशी सरकते ते मला त्या चार सेकंदांत पहिल्यांदा कळलं होतं. ते चार सेकंद फाईलमध्ये नव्हतेच. मूळ कॅसेट शाबूत होत्या म्हणून वाचले.

इथे काकांनी कॅसेट हातात घेतल्यावर पहिलाच प्रश्न विचारला, "बेन, कांई कापवानुं तो नथी ने?" मी नाही म्हणाले, खरखरसुद्धा राहू द्या. त्यांनी मान डोलावली आणि कामाला लागले.

आठ कॅसेटना पांढरी बुरशी होती. टेप एका रिळावरून दुसऱ्यावर हळूहळू फिरवत त्यांनी ती मऊ कापडानं टिपून घेतली. पाच कॅसेटमधली, टेपला हेडवर, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर, दाबून धरणारी फोमची गादी निखळली होती. त्यांची टेप नव्या डबीत घातली. प्रत्येक कॅसेट लावली की हेडचा छोटा स्क्रू कणाकणानं फिरवून आवाज मोकळा होईपर्यंत ऐकत बसायचे. मला सर्वांत भावलं ते पुढचं. जामोदला मी सेलवर रेकॉर्ड करायचे. सेल उतरले की टेप मंद फिरायची, म्हणजे आता नीट मशीनवर लावल्यावर आवाज चिरका येतो, स्वरांची मापं चुकतात. हे मी सांगण्याआधीच काकांनी ओळखलं. आधी आहे तशी प्रत घेतली आणि वेग दुरुस्त केलेली प्रत वेगळी दिली. कुठल्या कॅसेटचा वेग कुठे बदलला ते कागदावर लिहून!

पैसे कॅसेटमागे ३००, बुरशी असेल तर ४५०. फाईल २४ बिटच्या वेव्हमध्ये, म्हणजे आवाज न दाबता, मागून घ्या, नाहीतर मुलगी सवयीनं एमपी३ करते. त्यांच्या फाईलींना 'कॅसेट १ अ' एवढंच नाव असतं. गाव, तारीख, कोण बोलतंय, त्यांची परवानगी कशासाठी होती, हे तुम्हीच लिहून न्या. माझ्या दोन कॅसेटच्या अ-ब बाजू उलट झाल्या होत्या, त्या त्यांनी दुसऱ्या दिवशी पैसे न घेता पुन्हा केल्या. दिवसाला दोनच कॅसेट होतात, त्यामुळे ३१ कॅसेटना तीन आठवडे लागले. घाई असेल तर जाऊ नका.

बडोद्यात भाषांवर काम करणारी माणसं कमी नाहीत. १९९६पासून इथे भाषा संशोधन-प्रकाशन केंद्र आहे, त्यांची तेजगढची आदिवासी अकादमी दोन तासांवर. संशोधन करणाऱ्या मुलामुलींनो, घरात कुणा सरांच्या, मॅडमच्या कॅसेट पडून असतील तर या पावसाळ्याच्या आत नेऊन द्या. दुपारी एक ते चार दुकान बंद असतं. स्वतःची हार्ड डिस्क न्या. आणि आजींची ती गोष्ट मी त्यांच्या नातवाच्या फोनवर पाठवली आहे, खरखरीसकट.