रस्ट कन्व्हर्टर: माल चांगला, लेबल बढाईखोर

आधी निकालच सांगून टाकते, ज्यांना पूर्ण वाचायचा कंटाळा येतो त्यांच्यासाठी. गंजलेल्या लोखंडावर लावायचं ते रस्ट कन्व्हर्टर नावाचं लिक्विड घ्यावं का, तर हो, घ्या, पण बाटलीवर ते 'एकदा लावा आणि गंज कायमचा विसरा' टाइप जे छापलेलं असतं ना त्यावर अजिबात जाऊ नका. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण टॅनिक ॲसिडवाली जी कन्व्हर्टर्स मिळतात ती सगळी साधारण एकाच जातकुळीतली आणि माझं म्हणणं सगळ्यांनाच लागू पडतं.

बाटलीतून निघतं ते पांढरट, थोडं दाटसर. खिडकीच्या ग्रिलच्या गंजलेल्या गजावर ब्रश फिरवला की आधी जांभळट करडं होतं आणि मग बघता बघता काळंकुट्ट. हा नुसता काळा रंग नाहीये, खरोखरची रिॲक्शन आहे. टॅनिक ॲसिड गंजातल्या लोखंडाला पकडतं आणि फेरिक टॅनेट तयार होतं, निळसर काळं आणि पाण्यात सहसा न विरघळणारं. जुन्या काळी टाक-बोरूने लिहायची काळी शाई बनायची ती याच रिॲक्शनवर, त्यामुळे फरशीवर थेंब सांडला आणि तसाच राहिला तर तो डाग निघेल ही आशा सोडून द्या, खाली जाड कागद अंथरूनच बसा आणि हातमोजे घाला. सोबत लिक्विडमध्ये पॉलिमर, म्हणजे प्लॅस्टिकसारखा पदार्थ असतो, तो वाळला की वर पातळ थर बसतो आणि प्राइमरचं काम करतो. फॉस्फोरिक ॲसिडवालं कन्व्हर्टर वेगळं, ते गंजाचं आयर्न फॉस्फेट करतं, त्यातली काही नंतर पाण्याने धुवायची असतात आणि काही धुवायची नसतात, तेवढं मात्र लेबल नीट वाचा.

आता गंमत अशी की ह्याला काम करायला गंजच लागतो. त्याच गजावर जिथे जुना ऑइल पेंट शाबूत होता किंवा लोखंड घासून पार चकचकीत झालं होतं तिथे ते काळं झालंच नाही, नुसतं वाळून बसलं आणि नखाने खरवडल्यावर पापुद्र्यासारखं सुटून आलं. म्हणजे सगळा गंज काढायचा नाही, पण सुटा गंज मात्र सगळा काढायचा, हे तंत्र एकदा कळलं की अर्धं काम झालं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो म्हणून तर तो फुगतो आणि त्याचे पोपडे उठतात, आणि त्या पोपड्यांवरच लिक्विड लावलं तर वरचं काळं होतं, खालचं लालच राहतं, मग पोपडा पडला की तुमचं कन्व्हर्टर पण त्याच्यासोबत खाली. वायर ब्रशने नीट घासा, तेलकटपणा असेल तर साबणाने धुऊन पूर्ण वाळू द्या, आणि कडक उन्हात तापलेल्या लोखंडावर लावू नका कारण रिॲक्शन व्हायच्या आधीच ते सुकून जातं.

लेबलवर सगळ्यात खटकलं ते हे, की वरून पेंट मारायचं 'ऐच्छिक' लिहिलंय. घरातल्या कोरड्या जागेतली वस्तू असेल तर चालून जाईल एकवेळ, पण बाहेरच्या गेटला, ग्रिलला, बाल्कनीतल्या कुंड्यांच्या स्टँडला अजिबात नाही. लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र आले की गंज आलाच, समुद्राजवळ असाल तर खारं वारं त्यात भर घालतं, आणि हा पातळ थर काही त्यांना फार दिवस रोखणारा नाही. परत तपकिरी ठिपके येतात ते आधी गजाच्या कडांवर आणि वेल्डिंगच्या सांध्यात, कारण धारेवर कुठलंही कोटिंग पातळच बसतं. म्हणून आधी नुसत्या कडा आणि सांधे रंगवायचे, ते वाळले की मग अख्ख्या ग्रिलला ऑइल पेंट. खालचा आडवा गज, ज्यावर पाणी साचून राहतं, तिथे जास्तीचा हात. आणि पोकळ पाइप आतून गंजत असेल तर बाहेरून काहीही फासा, उपयोग शून्य, आधी पाणी आत कुठून शिरतंय ते भोक शोधा.

बाटलीवर चमचा, नळ, कात्री, सायकल असे सगळे फोटो छापलेत, ते तर सरळ दिशाभूल करणारं आहे. जेवणाच्या भांड्यांना हे लावायचं नाही, बस. स्टेनलेस स्टीलला पण नको, त्यात किमान 10.5 टक्के क्रोमियम असतं आणि त्याचा न दिसणारा ऑक्साइडचा थर स्टीलला वाचवतो, तपकिरी ठिपके दिसले तर बहुतेक वेळा क्लोरीनवालं ब्लीच किंवा मीठ वर राहून गेलेलं असतं किंवा लोखंडी काथ्याचे बारीक कण चिकटलेले असतात. धुवा, मऊ कापडाने पुसा, कोरडं ठेवा. गॅल्व्हनाइज्ड बादली किंवा पत्र्यावर पांढरी भुकटी दिसते तो जस्ताचा गंज, त्यावर हे कन्व्हर्टर काय करणार. जस्त स्वतः झिजून खालच्या लोखंडाला वाचवतं, त्यामुळे तिथे जस्ताचं प्रमाण भरपूर असलेला झिंक पेंट वापरा.

पक्कड, पाने, कात्री, बिजागऱ्या अशा हलणाऱ्या किंवा धारेच्या वस्तूंना काळा थर नकोच असतो, तिथे तेलच बरं. डब्ल्यूडी-40 हे स्प्रेचं तेल अनेकांकडे असतंच, ते 1953 मध्ये बनलं ते पाणी हटवण्यासाठी आणि ॲटलास क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंजापासून वाचवायला वापरलं गेलं, म्हणजे पाळंमुळं गंजरोधकाचीच आहेत. पण त्यातला बराच भाग उडून जातो आणि मागे राहणारा थर पातळ असतो, त्यामुळे ओली झालेली पक्कड लगेच सुकवायला एकदम मस्त, वर्षभर पेटीत पडून राहणाऱ्या हत्यारांना मात्र घट्टसर तेल किंवा ग्रीसचा हात मारा आणि पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका. अजून एक, ही पेटी टॉयलेट क्लीनर ठेवता त्या कपाटात ठेवू नका. त्यातल्या हायड्रोक्लोरिक ॲसिडची वाफ झाकण बंद असलं तरी थोडी थोडी सुटत राहते आणि आजूबाजूच्या लोखंडाला गंज चढवते, लोक बिचारे पेटीला दोष देत बसतात.

परत कन्व्हर्टरकडे. पाचपैकी साडेतीन. जे करतं ते छान करतं, ब्रश लगेच पाण्याने धुतला तर साफ होतो, आणि अख्खी ग्रिल चकाचक होईपर्यंत घासत बसायची मेहनत वाचते, ही गोष्ट काही लहान नाही. दीड मार्क कापला तो लेबलच्या थापांसाठी आणि एक महत्त्वाची सूचना इतक्या बारीक अक्षरात छापल्याबद्दल की भिंग लागेल: ब्रश थेट बाटलीत बुडवायचा नाही. ब्रशला लागलेला गंज आत गेला की उरलेलं लिक्विड बाटलीतच काळं पडून घट्ट व्हायला लागतं. लागेल तेवढं वाटीत काढा, उरलेलं परत बाटलीत ओतू नका, आणि घेताना लहान बाटलीच घ्या.