यलोस्टोन बघायचं तर टूरची बस, की गाडीतला बोलणारा मोबाइल?

नाशिकच्या कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर एप्रिल उजाडला की अमेरिकेच्या गप्पा सुरू होतात. कुणाची मुलगी सिॲटलला, कुणाचा मुलगा डेन्व्हरला. चार-सहा महिन्यांचा मुक्काम ठरलेला असतो आणि त्यातले काही दिवस यलोस्टोन या तिथल्या राष्ट्रीय उद्यानासाठी राखलेले असतात. मग प्रश्न येतो: टूर कंपनीकडे पैसे भरायचे, की मुलांच्या गाडीतून जायचं आणि ते ऑडिओ टूरचं अ‍ॅप घ्यायचं? मी दोन्ही केलं आहे. २०१८ ला बसने गेलो, २०२३ ला मुलीच्या गाडीतून. गेल्या आठवड्यात समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनी वही-पेन घेऊनच विचारायला आल्या, तेव्हा वाटलं, हे एकदा नीट लिहूनच काढावं.

आधी बसबद्दल, कारण तिच्यात चांगलं पुष्कळ होतं. टूर मॅनेजर मराठी मुलगा होता. संध्याकाळी वरण-भात मिळायचा, बॅगा खोलीपर्यंत पोचायच्या, बुकिंगची कटकट नव्हती. त्या वर्षी मुलीला रजा नव्हती आणि रस्त्याच्या उजवीकडून गाडी चालवायची मला सवय नाही. पार्कमधला मुख्य रस्ता इंग्रजी आठच्या आकड्यासारखा आहे, सुमारे २२८ किलोमीटरचा. वेगमर्यादा बहुतेक ठिकाणी ताशी ७२ किलोमीटर. त्यात मधेच गव्यासारख्या दिसणाऱ्या बायसनचा कळप रस्त्यावर येऊन उभा राहतो आणि त्याची मर्जी होईपर्यंत कुणीही पुढे जात नाही. साठीनंतर पहिल्यांदा परक्या देशात जाऊन हे स्वतः चालवावं, असं मी कुणाला सांगणार नाही. घरचं कुणी चालवणारं नसेल तर बस घ्यावी, तिथे दुसरा विचार नको.

मग माझं मन बसवरून उडालं कशाने? वीस मिनिटांनी.

ग्रँड प्रिझमॅटिक स्प्रिंग हे गरम पाण्याचं कुंड आहे, ११० मीटरहून जास्त रुंद. मधे गडद निळा, मग हिरवा, पिवळा, कडेला नारिंगी. कडेचे रंग उष्णता सोसणाऱ्या सूक्ष्मजीवांचे. पाणी कडेकडे निवत जातं तसे जीव बदलतात आणि त्यांच्याबरोबर रंगही. मधलं पाणी मात्र इतकं कढत असतं की तिथे त्यांचाही टिकाव लागत नाही, म्हणून तो निळा पाण्याचा स्वतःचा. नाशिकहून निघण्याआधी महिनाभर आम्ही नवरा-बायको याचे फोटो बघत होतो. बस तिथे पोचली सकाळी साडेआठला. हवेत चांगलाच गारठा होता आणि अशा हवेत त्या पाण्यावर इतकी दाट वाफ उठते की कुंड दिसतच नाही. लाकडी पायवाटेवर आम्ही चाळीसेक माणसं उभी आणि समोर नुसती पांढरी भिंत. सौ.चा चष्मा वाफेने धुरकट व्हायचा. ती ओढणीने पुसायची, डोळ्यांवर चढवायची, पुन्हा पुसायची. एकदा वारा आला, कडेची हातभर नारिंगी पट्टी दिसली, आणि ती "अगं बाई" म्हणेपर्यंत परत झाकली गेली. आठ पन्नासला मॅनेजरने हात वर केला. मी विचारलं, ऊन वर आल्यावर परत येऊ या का? तो अदबीने म्हणाला, "काका, दुपारी आपण तिकडे कॅन्यनच्या दरीपाशी असू."

त्याची चूक नव्हती. चाळीस माणसांचं जेवण, ड्रायव्हरचे तास, रात्रीचं हॉटेल, सगळं त्याच्याच डोक्यावर होतं. पण मी सातपूरच्या कारखान्यात चौतीस वर्षं भोंग्यावर आत गेलो आणि भोंग्यावर बाहेर आलो. निवृत्तीनंतर, एवढा समुद्र ओलांडून गेल्यावर त्या कुंडासमोरही भोंगाच वाजला, हे मला फार लागलं. बसमध्ये सौ. काही बोलली नाही. खिडकीतून मागे बघत राहिली.

२०२३ च्या जूनमध्ये परत गेलो तेव्हा जावई गाडी चालवत होते, मुलगी पुढे बसलेली, मागे आम्ही दोघं आणि मधे नातू. अशी अ‍ॅप कशी चालतात हे आता बहुतेकांना माहीत आहे. गाडी ठरावीक जागी आली की जीपीएसवरून ओळखतात आणि आपोआप बोलू लागतात. बाजारात दोन-चार नावाजलेली आहेत, गुणात उन्नीस-बीस असावीत. पैसे एकदा भरायचे, आणि गाडीत कितीही माणसं असोत, सगळे ऐकतात. बसला माणशी तिकीट. चार-पाच जणांच्या कुटुंबाला हा फरक जाणवतो.

पश्चिमेच्या फाटकातून आत शिरून मॅडिसनहून दक्षिणेला वळलो, तेव्हा त्या आवाजाने आपणहून सांगितलं की सकाळच्या थंडीत ग्रँड प्रिझमॅटिकवर वाफ असते, आधी ओल्ड फेथफुल हे गरम पाण्याचं कारंजं बघून या, मग इथे थांबा. सौ.ने माझ्याकडे बघितलं. पाच वर्षांपूर्वी आम्हाला एवढंच हवं होतं, कुणीतरी हे सांगणारं आणि आपल्या हातात ते ऐकायची मोकळीक.

ओल्ड फेथफुलला उलट बसचा अनुभव सरस होता, हेही सांगायला हवं. ते कारंजं साधारण दीड तासाने एकदा उडतं. वेळ फळ्यावर लिहिलेली असते, दहा मिनिटं इकडेतिकडे. मॅनेजरने आम्हाला बरोबर पाच मिनिटं आधी बाकावर नेऊन बसवलं होतं. या खेपेला आम्ही पोचलो आणि ते नुकतंच उडून गेलेलं. सव्वा तास बसलो. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, नाशिकहून नेलेला चिवडा, असं खाणं झालं. पाणी उडालं तेव्हा नातू बाकावर उभा राहून ओरडत होता. मला तो सव्वा तास जड गेला नाही, पण घाईच्या माणसाला जाईल.

दुपारी ग्रँड प्रिझमॅटिक. या वेळी खालच्या पायवाटेआधी अ‍ॅपने वरची जागा सुचवली. फेअरी फॉल्सच्या वाटेवरून टेकडीच्या अंगाला एक सज्जा बांधला आहे, २०१७ पासून. गाडीतळापासून साधारण किलोमीटरभर चालायचं, शेवटी थोडी चढण. सौ.चे गुडघे दुखतात. ती वाटेत दोनदा दगडावर बसली, पाणी प्यायली, उठली. वीस मिनिटांच्या हिशेबात तिचं हे बसणं मावलंच नसतं. वर पोचल्यावर ते सगळं खाली पसरलेलं दिसलं, फोटोत होतं त्याहून मोठं, आणि निळ्यावरून ढगाची सावली सरकत होती. तिने चष्मा काढला, स्वच्छच होता तरी ओढणीने पुसला, परत घातला आणि कठड्याला धरून उभी राहिली. आम्ही तिथे पाऊण तास होतो. कुणी हात वर केला नाही.

अ‍ॅपची दुसरी गोष्ट मला आधी क्षुल्लक वाटली होती, ती म्हणजे थांबवायचं बटण. निवेदन इंग्रजीत आहे, उच्चार अमेरिकन, सौ.ला निम्मं कळतं. बसमध्ये तिथला स्थानिक गाइड माइकवर बोलायचा, मी तिच्या कानाशी मराठीत सांगू लागलो की तो पुढच्या गोष्टीवर गेलेला असायचा. मग मीही सोडून द्यायचो. गाडीत मुलगी बटण दाबायची, आईला सगळं मराठीत सांगायची, मग पुढे. ओल्ड फेथफुलच्या अलीकडे गरम झऱ्यांचा एक मोठा पट्टा लागतो. १९६० च्या दशकात थॉमस ब्रॉक या शास्त्रज्ञाला तिथल्या एका झऱ्यात एक जिवाणू सापडला. एवढ्या उष्णतेत तो जगतो, म्हणून त्याच्यातलं विकर, म्हणजे एन्झाइमही उष्णतेत टिकतं, आणि पीसीआर तपासणी पुढे त्याच विकरावर उभी राहिली. मुलीने आवाज थांबवला आणि म्हणाली, "आई, कोरोनात नाकात काडी घालायचे ना, ती तपासणी होऊ शकली ती इथल्या पाण्यामुळे." सौ.ने २०२१ ची नाशिकमधली ती रांग आठवली, शेजारच्या आजोबांना हात धरून नेलं होतं ते आठवलं. गाडी एका बाजूला घेऊन आम्ही तिथे थांबलो. असं थांबणं कुठल्याच वेळापत्रकात लिहिलेलं नसतं.

उत्तरेकडे टॉवर फॉलच्या अलीकडेही तसंच झालं. तिथे बेसॉल्टचे उभे खांब आहेत, कुणी हाताने रचून ठेवल्यासारखे. बस त्यांच्यासमोरून न थांबता गेली होती, यादीत ते नव्हतेच. अ‍ॅपने लाव्हा निवताना आकसतो आणि त्याला अशा उभ्या भेगा पडतात हे समजावलं. आपला सह्याद्रीही बेसॉल्टचाच, फक्त पुष्कळ जुना, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. नातवाला ब्रह्मगिरीचा काळा कडा फोनवर दाखवला, म्हटलं, हा त्याचा थोरला भाऊ.

आता अ‍ॅपचा जाच. पहिल्या दिवशी आमचं डाउनलोड अर्धवट राहिलं होतं. हॉटेलचं वायफाय मंद, आणि आम्हाला वाटलं पुढे नेटवर्क मिळेलच. पार्कमध्ये बहुतेक ठिकाणी काहीच मिळत नाही. तो अख्खा दिवस गाडी मुकी होती. सगळी टूर घरीच उतरवून घ्या, फोन विमान मोडवर टाकून एक-दोन गोष्टी वाजवून बघा, आणि मगच निघा. काचेजवळ उन्हात ठेवलेला फोन तापून बंद पडला, असंही एकदा झालं. गाडीचा चार्जर आणि थोडी सावली, दोन्ही बघावं लागतं. आणि हा आवाज घरच्या गप्पांच्या मधे येतो. वर्षाने भेटलेली मुलगी काहीतरी सांगत असते, तेवढ्यात तो सुरू होतो. दुसऱ्या दिवसापासून सौ.ने ठरवून टाकलं: सकाळी त्याचं ऐकायचं, दुपारी चहानंतर बंद.

एका बाबतीत मात्र अ‍ॅप बसच्या पासंगालाही पुरत नाही. जे जागचं हलतं त्याबद्दल त्याला काही कळत नाही. २०१८ ला पार्कमधल्या लमार खोऱ्यात आमच्या गाइडने समोरून येणाऱ्या ड्रायव्हरशी दोन शब्द बोलून बस थांबवली आणि लांब उतारावर पिल्लासह चाललेली अस्वलीण दाखवली. आमच्या डोळ्यांना तो नुसता तपकिरी ठिपका होता, त्याच्या दुर्बिणीतून तिचे खांदे हलताना दिसले. १९९५ पासून लांडगे परत आणून सोडले, ही गोष्ट अ‍ॅप छान सांगतं, पण आज लांडगा कुठे आहे हे सांगू शकत नाही.

हे आपल्याला इथे घराजवळच ताडून बघता येतं. नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात हिवाळ्यात चापडगावच्या बाजूला जा. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आपल्या निफाडात आहे, गोदावरी आणि कादवेच्या पाण्यावर. तिथे स्थानिक पोरं दुर्बीण घेऊन असतात. वारकरी कुठला, हळदी-कुंकू बदक कुठलं, आज क्रौंच कुठल्या शेतात उतरलेत, हे त्यांना त्या सकाळपुरतं ठाऊक असतं. तिथे मी कानात काही घालून फिरणार नाही, गाइडच घेईन. पक्ष्याचं ठिकाण रोज नवं. ग्रँड प्रिझमॅटिक मात्र आहे तिथेच असतं, त्याला फक्त ऊन वर यायला हवं आणि आपल्याला तोवर थांबता यायला हवं.

त्यामुळे ज्यांना मुख्यतः प्राणी बघायचे आहेत, त्यांना मी गाडीनेच जा आणि एक पहाट तिथल्या वन्यजीव गाइडबरोबर लमार खोऱ्यासाठी काढा, असं सुचवीन. खर्च वाढतो, पण दोन्ही हाताला लागतं. नॅशनल पार्क सर्व्हिसचं स्वतःचं मोफत अ‍ॅप नकाशा आणि स्वच्छतागृहांसाठी फोनमध्ये असू द्यावं, तेही आधी उतरवून. बायसनपासून २३ मीटर आणि अस्वल-लांडग्यांपासून ९१ मीटर हा नियम बसमध्ये मॅनेजर पाळायला लावतो, गाडीतून उतरल्यावर आपला आपण पाळायचा. नातवाचा हात धरून ठेवा.

वहिनींच्या मुलाला तीन दिवसांची रजा आहे आणि तो स्वतः गाडी चालवतो. त्यांच्या यजमानांना, भाऊंना, इंग्रजी चांगलं समजतं, वहिनींना बेताचं. त्यांना जेवणाची काळजी आहे, ती मला रास्त वाटते. संध्याकाळचा वरण-भात बसवालाच देतो, गाडीने गेलात तर तिखटमिठाचे डबे आणि छोटा कुकर मुलाकडून घेऊन जावा लागेल. बसने गेल्या तरी त्यांची सहल वाईट होणार नाही, आमचीही झाली नव्हती. पण वहिनींचेही गुडघे दुखतात, वाटेत बसायला लागेल. मी त्यांच्या वहीत मुलाला विचारायच्या तीन गोष्टी लिहून दिल्या: टूर निघण्याआधी पूर्ण डाउनलोड केलीस का, गाडीत चार्जर आहे का, आणि दुसरा दिवस पूर्ण मोकळा ठेवता येईल का. खाली वेगळ्या ओळीत लिहिलं, ग्रँड प्रिझमॅटिकला अकराच्या आत जाऊ नका.