पोटमाळ्यावरच्या घरात झोपायची सोय: दुमडता पलंग की खणांचा ओटा?

भिंतीत उभ्या दुमडणाऱ्या पलंगाला सुमारे सात फूट उंच, सरळ भिंत लागते. उतरत्या छपराखाली ती बहुधा मधल्या भागातच मिळते, म्हणजे नेमकी जिथे ताठ उभं राहता येतं ती जागा जाते. शिवाय रोज अंथरूण आवरा, पट्ट्याने बांधा. दिवसा मात्र खोली खरंच मोकळी होते.

खणांचा ओटा छपराच्या बुटक्या कडेला सरकवता येतो. आडवं पडायला उंची लागतेच कुठे? खालच्या खोल खणांत रजया, बॅगा, सगळं मावतं. फक्त उठून बसताना डोकं आपटणार नाही ना, हे आधी पाहा. गादीवरून निदान तीन फूट हवेत. माझा कौल ओट्यालाच. त्याच खोलीत दिवसभर काम करायचं असेल, तरच दुमडता पलंग घ्या.